मुंबई ते न्यूअर्क : अंतर १२,५५० किलोमीटर, मग वेळ नक्की किती?

निळीशाई | २८ एप्रिल २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. माझी आई (वय ६७) २० मेला मुंबईहून न्यूअर्कला एकटी चालली आहे. धाकटी बहीण एडिसनला असते, जूनमध्ये तिचं बाळंतपण आहे. आईने आजवर विमान एकदाच पाहिलंय, पुणे ते दिल्ली, तेही बाबा सोबत असताना.

आईला मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ गोळ्या आणि रात्री झोपताना इन्सुलिन. ती शिस्तीची आहे, स्वयंपाकघराच्या दारामागे तिचा गोळ्यांचा तक्ता टांगलेला असतो. प्रवासाचाही तसाच तक्ता करून द्यायचा म्हणून मी विमानाची वेळ शोधायला बसले आणि पार गोंधळले.

एका साइटवर अंतर १२,५५० आणि वेळ १४ तास २७ मिनिटं. दुसरीवर अंतर ७,७९८. तिसरीवर ६,७७६. तिकीट म्हणतं रात्री १:३० ला सुटून त्याच दिवशी सकाळी ८:०० ला पोचणार. आधी वाटलं साडेसहा तासच! मग तिथलं घड्याळ साडेनऊ तास मागे आहे हे लक्षात आलं, म्हणजे एकूण १६ तास. विमानतळ जागचे हलत नाहीत, तर आकडे इतके वेगळे कसे?

आणि खरी काळजी अशी, की २४ तारखेपासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलंय. आईचं विमान थेट आहे. त्याला किती वळसा पडेल? वाटेत कुठे उतरवतील का? जाणकारांनी कृपया सांगावं.

एडिसनकर | २८ एप्रिल, रात्री ११:१५

ताई, अंतराचं कोडं सोपं आहे. तिन्ही आकडे बरोबर आहेत, एककं वेगळी. १२,५५० किलोमीटर, ७,७९८ साधे मैल (१.६०९ किमीचा एक) आणि ६,७७६ सागरी मैल (१.८५२ किमीचा एक). विमानवाले सागरी मैलात बोलतात. दहा-वीस किलोमीटरचा फरक कुठे दिसला तर सोडून द्या. पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे, काही साइट ते धरतात, काही नाही.

वेळेबद्दल मोठी माणसं बोलतीलच. माझे आईबाबा चारदा येऊन गेले, दर वेळी वेगळा वेळ लागला. काकूंना उतरल्यावर काही लागलं तर सांगा, मी विमानतळापासून अर्ध्या तासावर आहे.

भूगोलमास्तर | २९ एप्रिल, सकाळी ६:५०

निळीशाई, घरात पृथ्वीगोल असेल तर आईंना सोबत घेऊन बसा. नसेल तर जवळच्या शाळेत मिळेल. मी एकतीस वर्षं मुलांना हा प्रयोग करून दाखवला.

३० सेंटिमीटर व्यासाचा गोल घ्या. लोकरीचा धागा मुंबईवर एका बोटाने दाबा, दुसरं टोक न्यूयॉर्कवर ठेवा (न्यूअर्क शेजारीच आहे) आणि धागा ताणा. ताणलेला धागा आपोआप सगळ्यात जवळची वाट धरतो. मोजा. साडेएकोणतीस सेंटिमीटर भरेल. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर, झाले तुमचे १२,५५०.

आता धागा कुठून गेला ते पाहा. भिंतीवरच्या नकाशात मुंबईपासून न्यूयॉर्कला पट्टी लावली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. गोलावरचा धागा मात्र सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान करत मॉस्को-सेंट पीटर्सबर्गच्या आसपास जातो, मग फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, आइसलंड, आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून लाब्राडोरवर उतरतो. वाटेत तो ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो. मुंबई १९ अंशावर, न्यूअर्क ४१ च्या जरा खाली, आणि दोघांमधली जवळची वाट आइसलंडवरून! वर्गात हे पाहिल्यावर मुलं हमखास एकदा तरी धागा सोडून पुन्हा ताणून बघायची.

भिंतीवरच्या मर्केटर नकाशावरची ती सरळ रेघ खरी मोजली तर सुमारे १४,२५० किलोमीटर भरते. म्हणजे सरळ दिसणारी वाट १,७०० किलोमीटरने लांब. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरायची तर कुठेतरी ताणावी लागणारच, आणि हा नकाशा ध्रुवांकडचा भाग ताणतो.

तुमचे १२,५५० हे धाग्याचं अंतर आहे. विमान धाग्यावरून जाईलच असं नाही.

वाऱ्याची_दिशा | २९ एप्रिल, दुपारी १:२०

मास्तरांनी पाया घालून दिला, पुढचं मी सांगतो. माझी बावीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये गेली. विमान सुटायच्या काही तास आधी त्याची वाट, इंधन आणि वजन ठरवणारी माणसं आम्ही.

१४ तास २७ मिनिटं कुठून आली ते आधी. साइटने १२,५५० ला ताशी ९०० ने भागलं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवला. या हिशोबात वारा नाही, बंद आकाश नाही, मुंबईत धावपट्टीसाठी रांगेत उभं राहणं नाही. तिकिटावरचे १६ तास म्हणजे ब्लॉक टाइम. दार लागून विमान मागे ढकललं जातं तिथपासून पलीकडे जागेवर उभं राहून थांबेपर्यंत. त्यातला अर्धा तास तरी जमिनीवर जातो.

वारा ही सगळ्यात मोठी गोष्ट. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोराचे झोत असतात, जेट स्ट्रीम. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर नेहमीचं, हिवाळ्यात त्याहून बरंच जास्त. विमानाचा ९०० चा वेग हवेच्या तुलनेत असतो. समोरून शंभरचा वारा आला की जमिनीवरून ८०० च कापले जातात. म्हणून अमेरिकेला जाताना १६ तास आणि येताना साडेचौदा-पंधरा.

अंतर आणि वेळ यांची फारकत पाहायची असेल तर एक खरं उदाहरण देतो. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर १५,३०० झालं, १,४०० ने वाढलं, आणि वेळ दोनेक तासांनी कमी होऊन साडेचौदावर आला. वारा पाठीशी होता एवढंच. ही बातमी आली त्या दिवशी आमच्या खोलीत कामं थांबवून सगळे नकाशासमोर उभे होते.

आता पाकिस्तान. दिल्ली आणि मुंबई यांत मोठा फरक आहे. दिल्लीहून पश्चिमेला जायचं तर वाट पाकिस्तानातूनच, ती बंद झाली की आधी गुजरातकडे खाली उतरून अरबी समुद्र गाठावा लागतो. मुंबई समुद्रकाठीच आहे. उड्डाण केलं की समोर समुद्र, ओमानचं आखात, इराण, तुर्कस्तान, युरोप. मी मोजून पाहिलं : मुंबई ते इस्तंबूल ४,८३५ किलोमीटर, तिथून न्यूअर्क ८,०५०. बेरीज १२,८८५. मास्तरांच्या धाग्यापेक्षा साडेतीनशेच्या आत जास्त, म्हणजे पंचवीसेक मिनिटं.

वाटेत उतरण्याबद्दल. बोइंग ७७७-३०० ईआर पूर्ण भरलं की साडेतीनशे टनांचं असतं, त्यातलं चाळीस टक्क्यांच्या आसपास इंधनच. तासाला सात-आठ टन जळतं. वळसा दीड-दोन तासांचा झाला की इंधन पुरत नाही, किंवा पुरवायचं तर माणसं आणि सामान कमी करावं लागतं. म्हणून दिल्लीची अमेरिकेकडे जाणारी काही विमानं सध्या व्हिएन्ना, कोपनहेगनला उतरून इंधन भरत आहेत. मुंबई-न्यूअर्कला आजच्या परिस्थितीत त्याची गरज दिसत नाही. आईंना निर्धास्त पाठवा.

पाऊसवेडा | २९ एप्रिल, रात्री ९:०५

छान माहिती. एक शंका लहानपणापासून आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे अमेरिका स्वतःच चालत यायला हवी ना? वेळ कमी लागायला हवा, आणि इथे तर उलटंच!

भूगोलमास्तर | ३० एप्रिल, सकाळी ६:४०

हवाही पृथ्वीसोबतच फिरते. एसटीत बसून चेंडू वर उडवला तर तो मागच्या सीटवर जात नाही, हातातच पडतो. विमान त्या फिरणाऱ्या हवेत पोहतं. गाडीच्या आत वारा सुटला तर चेंडू हलेल, तो वारा म्हणजे वर सांगितलेले झोत. गंमत अशी की ते झोत पूर्वेला वाहतात त्यात पृथ्वीच्या फिरण्याचाच हात आहे. विषुववृत्तावरची जमीन ताशी १,६७० किलोमीटरने पूर्वेला धावते, साठ अंशावरची निम्म्याने. विषुववृत्ताकडची हवा वरून ध्रुवाकडे सरकते तेव्हा आपला पूर्वेकडचा जास्तीचा वेग सोबत घेऊन जाते. तुमची शंका चांगली आहे, निम्म्या वर्गाला ती यायची.

डॉ_पंचगंगा | ३० एप्रिल, दुपारी ३:३०

निळीशाई, वाटेवर भरपूर बोलून झालं, आता तक्त्याकडे येते. तुमच्या आईंचा २० मे हा दिवस चोवीस तासांचा नसेल, साडेतेहेतीस तासांचा असेल. तक्ता तिथेच अडतो.

गोळ्यांचं सोपं आहे. विमानात भारतीय घड्याळच चालू ठेवायचं. सकाळी आठची गोळी विमानात आठला, जेवणासोबत. संध्याकाळी आठ वाजतील तेव्हा न्यूअर्कला सकाळचे साडेदहा झाले असतील, त्या बहिणीच्या घरी पोचलेल्या असतील.

इन्सुलिनचं मात्र नेमकं पाहा. १९ तारखेला रात्री दहाला घेतलं आणि पुढचं न्यू जर्सीच्या रात्री दहाला, तर मध्ये २४ ऐवजी साडेतेहेतीस तास जातात. ही पोकळी कशी भरायची, मधे छोटा डोस घ्यायचा का, हे त्यांच्या स्वतःच्या डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. इथे कुणी आकडा सांगितला तरी वापरू नका, मी सांगितला तरी. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, परतताना आखडतो, म्हणून परतीचंही त्याच वेळी विचारा.

इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा, खाली सामानात ते गोठू शकतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, ग्लुकोमीटर, आणि खायला काहीतरी, कारण जेवणाची वेळ आपल्या हातात नसते. मधुमेहाचं जेवण आधी सांगून ठेवावं लागतं. आणि दीड-दोन तासांनी उठून दोन फेऱ्या माराव्या, पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. सोळा तासांत त्या बसूनच राहिल्या तर मला काळजी वाटेल. मधली नको, कडेची सीट घ्या.

जुनापारपत्र | १ मे, सकाळी ९:१०

महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा. माझं वय ७८, मी १९७४ मध्ये शिकायला गेलो तेव्हाचं सांगतो. मुंबई सोडल्यापासून न्यूयॉर्कला पाय टेकेपर्यंत दीड दिवस. वाटेत किती ठिकाणी उतरलो ते माझ्या वहीत आहे, दर ठिकाणी घड्याळ फिरवायचं आणि वहीत वेळ लिहायची. आई सांताक्रूझला सोडायला आली होती. पोचल्याची तार तिला तीन दिवसांनी मिळाली. त्या तीन दिवसांत तिने काय केलं असेल, हे मी स्वतः बाप झाल्यावर कळलं.

१९४८ च्या ८ जूनला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' पहिल्यांदा मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं, तेव्हा लंडनलाच चोवीस तासांच्या आसपास लागले होते. न्यूयॉर्कला आपलं विमान १९६० मध्ये जाऊ लागलं, तेही लंडनमार्गे. मुंबई-न्यूयॉर्क न थांबता व्हायला २००७ चा ऑगस्ट उजाडावा लागला. निळीशाई, तुझी आई एका झोपेत जाईल बघ.

निळीशाई | १२ मे, रात्री ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. मधले चार दिवस फार वाईट गेले. उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ बंद झाले तेव्हा आईने भरलेली बॅग पुन्हा उघडून ठेवली होती. आज ते उघडले. मुंबई चालूच होती तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

डॉक्टरांकडून इन्सुलिनचं लिहून घेतलं. तक्ता दोन रकान्यांचा केलाय, डावीकडे 'घरचं घड्याळ', उजवीकडे 'धाकटीचं घड्याळ'. आईने दोन्ही हातांत घड्याळ बांधायचं ठरवलंय, बाबांचं जुनं एचएमटी डाव्या हातात, ते भारताच्या वेळेवर. सीट तिने खिडकीचीच घेतली. डॉक्टरताई, शेजारच्या माणसाला उठवून फेऱ्या मारेन असं तिने कबूल केलंय.

निळीशाई | २० मे, संध्याकाळी ६:२५

पोचली! दार लागल्यापासून १५ तास ५० मिनिटं. पाय सुजले नाहीत, साखर १५२. एडिसनकर, बहिणीचे यजमान न्यायला आले होते, तरी तुम्ही पहाटे फोन करून विचारलंत हे आम्ही कुणी विसरणार नाही.

सह्यवारा | १४ जून, सकाळी ७:५५

चर्चेचा हा धागा वर काढतोय. काल इराणचं आकाश बंद झालं आणि मुंबईहून न्यूयॉर्क, लंडनला निघालेली काही विमानं वाटेतून परत फिरली. माझे सासरे त्यातल्या एकात होते. काही तास उडून पुन्हा मुंबईत. ते सुखरूप आहेत, फार थकलेत. पुढच्या आठवड्यात त्यांना पुन्हा जायचंय. आता वाट कोणती उरली?

वाऱ्याची_दिशा | १४ जून, दुपारी १२:४०

सासऱ्यांना विश्रांती घेऊ द्या. परत फिरवणं हा अशा वेळी बरोबर निर्णय असतो, पुढे वाट उघडी आहे की नाही ते कळत नसताना इंधन जाळत राहणं धोक्याचं.

उत्तरेला पाकिस्तान बंद, मधे इराण बंद, तेव्हा दक्षिणेची वाट : ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, मग भूमध्य समुद्र. मुंबई-कैरो ४,३४०, कैरो-न्यूअर्क ९,०४५, बेरीज १३,३८५. धाग्यापेक्षा सव्वाआठशे-साडेआठशे किलोमीटर जास्त, म्हणजे एक तास धरा. शिवाय सगळ्यांनाच त्या चिंचोळ्या पट्टीतून जायचंय, म्हणून सुटायला उशीर होईल. सतरा तासांच्या हिशोबाने औषधं आणि खाणं सोबत द्या, आणि निघायच्या दिवशी फोन करूनच घर सोडा.

निळीशाई | ६ जुलै, रात्री १०:१०

मंडळी, भाची झाली. दोघी ठणठणीत.

आईने एक प्रश्न पाठवलाय, खास भूगोलमास्तरांसाठी. तिच्याच शब्दांत :

"समोरच्या पडद्यावर नकाशा होता, मी गावांची नावं लिहीत गेले. मस्कत, शिराझ, अंकारा, बुडापेस्ट, डब्लिन, गँडर. अंकाऱ्याच्या पुढे उजवीकडे फटफटायला लागलं. मला वाटलं आता ऊन येईल, म्हणून खिडकी अर्धी खाली केली. पण ते तसंच राहिलं. डब्लिनला बघितलं, कोवळं ऊन. समुद्रावर तासाभराने बघितलं, तितकंच कोवळं. यांच्या घड्याळात सकाळचे सात, अकरा, दोन वाजले, आणि बाहेर आपली पहाटच. मला तेवढ्या वेळात दोनदा गोळीचा तक्ता बघावा लागला. सूर्य असा थांबतो का?"

भूगोलमास्तर | ७ जुलै, सकाळी ६:३०

आईंना माझा नमस्कार सांगा. एकतीस वर्षांत इतका चांगला प्रश्न मला फार थोड्यांनी विचारला, आणि त्यांनी तर उत्तरही डोळ्यांनी पाहिलंय.

विषुववृत्तावर जमीन ताशी १,६७० किलोमीटरने पूर्वेला फिरते हे वर लिहिलंच आहे. जसजसं उत्तरेला जावं तसा हा वेग घटतो. मुंबईला १,५८०. आयर्लंडपुढच्या समुद्रात, ५४ अंशावर, फक्त ९८० च्या आसपास. पहाट त्याच वेगाने पश्चिमेकडे सरकत असते. आणि आईंचं विमान, समोरचा वारा धरून, साधारण ८२०-८३० ने पश्चिमेलाच चाललं होतं. पहाट पुढे आणि विमान जवळजवळ तिच्या जोडीने. अंतर वाढायचं ते तासाला दीडशे किलोमीटरनेच. तुर्कस्तान ते न्यूफाउंडलंड त्यांच्या एचएमटीत सात तास झाले असतील, पण खिडकीबाहेरचा सूर्य तेवढ्यात दोन तासांचंही वर चढला नाही. मुंबईच्या अंशावरून उडत राहिल्या असत्या तर पहाट त्यांना केव्हाच मागे टाकून गेली असती.

मी हे गोलावर दिवा लावून शिकवलं. स्वतः कधी पाहिलं नाही.

डॉ_पंचगंगा | ७ जुलै, सकाळी ९:४५

भाचीसाठी अभिनंदन! परतीची तारीख कोणती? अमेरिकेत २ नोव्हेंबरला घड्याळं एक तास मागे जातील. त्यानंतर निघणार असतील तर फरक साडेनऊचा नाही, साडेदहाचा. तक्ता तसा बदला. येताना दिवस साडेतेरा तासांचाच असेल, इन्सुलिनचे दोन डोस जवळ येतील, ते पुन्हा विचारून घ्या.

निळीशाई | ७ जुलै, रात्री ९:२०

परत ६ नोव्हेंबरला. उजवा रकाना आजच खोडून नव्याने लिहिला, साडेदहाने. मास्तरांचं उत्तर आईला फोनवर पूर्ण वाचून दाखवलं. ती दोनदा ऐकली, ९८० आणि ८३० हे आकडे गोळ्यांच्या तक्त्याच्या मागे लिहून घेतले. आणि विचारतेय, येताना विमान पूर्वेला जाणार म्हणजे रात्र अंगावर धावून येणार, ती येताना दिसायला हवी असेल तर खिडकी कोणत्या बाजूची घ्यायची?